चहाच्या आधीचे रक्त

हैबतराव ढमाले यांचे चिरंजीव विठ्ठलराव, विठ्ठलरावांचा शंभू आणि शंभूची कन्या सायली. मुळशीत आमच्या घराण्याची ओळ अशी सांगतात. तिच्यात बायकांची नावे घेण्याची रीत नाही. ती मी घेते. हैबतरावांच्या पत्नी गोजराबाई या माझ्या सासूबाई, विठ्ठलरावांची पत्नी मी चंद्राबाई, आणि शंभूची पत्नी कल्पना. एका गृहस्थाने माझ्यादेखत माझ्या नातीला “कालची आलेली अप्रेंटिस” असे म्हटले. ती कालची नाही, हे वाचणाऱ्याला आधीच कळलेले बरे.

सायली बायोमेडिकल सायन्सची पदवी घेत आहे, आणि ती घेण्याची तऱ्हा आमच्या पिढीला नवी आहे. सोमवार ते शुक्रवार तिने उरवड्याच्या फाट्याजवळ एका खाजगी प्रयोगशाळेत काम करायचे, शनिवारी पुण्यात कॉलेजला जायचे आणि राहिलेला अभ्यास रोज संध्याकाळी मोबाईलवरच्या तासांना करायचा. प्रयोगशाळेतील काम हा शिक्षणाचाच भाग धरलेला असतो. ते सुटले तर पदवीही सुटते. त्या प्रयोगशाळेचे नाव मी लिहिणार नाही. लिहून ते मोठे करण्याची माझी इच्छा नाही.

पहिल्या वर्षी भावकीने नाके मुरडली. लोकांचे रक्त आणि लघवी हाताळून आलेली मुलगी देवघरात कशी जाते, असे माझ्या जाऊबाईंनी विचारले. “साबणाने हात धुऊन जाते,” मी म्हणाले, “तुम्ही कशा जाता?” तो विषय तेथेच संपला. शंभूची कुरकूर मात्र चालू होती.

“आई, पोरीला बँकेत चिकटवली आसती. ह्ये काय, दिवसभर नळ्या हलवायच्या!”

“तुझ्या वडिलांची कावीळ ओळखायला गावात नळी हलवणारे कोणी नव्हते, शंभू. ओळखली तेव्हा ते पिवळे पडून सरणावर जायच्या वाटेला लागले होते.”

पोरगी दोन वर्षे नेटाने शिकली. स्कूटीवरून पहाटे निघायची, पावसाळ्यात चिखलाने माखून परतायची, आणि जेवता जेवता मला रक्तातील पांढऱ्या पेशींचे प्रकार सांगायची. कल्पना म्हणायची, ताटावर तरी रक्त नको. मी ऐकत असे. तिसरे वर्ष लागले आणि हा प्रकार घडला.

तो सांगण्यापूर्वी तुळजाबाईविषयी सांगावे लागेल.

तुळजाबाई धरणाच्या काठाला राहते. तिचा नवरा जाळे टाकून मासे धरी, आता मुलगा धरतो. माझा शंभू जन्मला त्या पावसाळ्यात मला बाळंतरोगाने असे घेरले की अंगावर दूध उरले नाही. पूल पाण्याखाली, गाईचे दूध बाळाच्या पोटात टिकेना. तेव्हा माझ्या सासूबाई, ज्या कोणाच्या दारातले पाणी घेत नसत, त्या डोक्यावर इरले घेऊन स्वतः काठावरच्या वस्तीत गेल्या आणि तुळजाबाईला घेऊन आल्या. तिच्या कडेवर तिचे स्वतःचे तान्हे होते. एका बाजूला तिचा मुलगा आणि दुसऱ्या बाजूला माझा, अशी ती आमच्या माजघरात भाताची लावणी संपेपर्यंत बसली.

मी उठून बसू लागले तेव्हा सासूबाईंनी तिच्यापुढे लुगडे आणि भाताचे पोते ठेवले. तुळजाबाईने दोन्हीला हात लावला नाही. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, “थोरल्या बाई, आत्ता काय नगं. लागंल तवा मागंन.”

तिने कधी मागितले नाही. मी दिवाळीला फराळ धाडला की तिच्याकडून सुकटीची टोपली येई. मी नातवंडांसाठी कापड दिले की ती पावसाळ्यात चिंबोऱ्या पाठवी. ती असा हिशोब बरोबर करून टाकी, आणि मूळचे देणे जसेच्या तसे राही. घराण्याचे नाव सांगताना मान ताठ ठेवण्याची मला सवय आहे. परंतु तुळजाबाई समोरून आली की ती मान जरा वाकत असे, हे मला ठाऊक होते आणि तिलाही.

आता त्या शिबिराविषयी.

मागच्या थंडीत त्या प्रयोगशाळेने आमच्या शाळेच्या पटांगणात मोफत तपासणीचे शिबिर लावले. वार शनिवार, म्हणजे सायलीच्या कॉलेजचा. तिला तास बुडवून यायला लावले, कारण गाव तिचे आणि लोक तिच्या शब्दावर येणार. प्रयोगशाळेचे व्यवस्थापक मनीष नावाचे गृहस्थ. वय चाळिशीच्या आतले, बोलणे गोड. त्यांनी आदल्या दिवशी गाडीवर भोंगा लावून सांगितले होते की साखर तपासायची आहे, काही न खाता या.

गाव काही न खाता आले, यात कोणी खोटे बोलले नाही. परंतु आमच्याकडे चहाला कोणी खाणे म्हणत नाही. पहाटे गोठ्यात शिरण्यापूर्वी कपभर, धार काढून आल्यावर कपभर, तोही असा की चमचा कपात उभा राहावा. चहा घेऊन आलेला माणूस छातीवर हात ठेवून सांगेल की पोटात अन्नाचा कण नाही.

रांगेत पहिली मी होते, आणि माझ्यामागे काठावरच्या वस्तीतली माणसे, त्यांत तुळजाबाईही.

“आजी, काही खाल्लंस?”

“नाही.”

“चहा?”

“तो तर घेतलाच.”

सायलीने सुई खाली ठेवली आणि मनीषकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “सर, यांचा चहा झालाय. सगळ्यांचाच झाला असणार, मी विचारते. आज साखर नको करायला. उद्या परत बोलावू.”

तिने मागे वळून विचारले, “चहा कोणाकोणाचा झाला?” पटांगणभर हात वर झाले. म्हातारे तर कौतुक चालले आहे अशा चेहऱ्याने हसत होते.

मनीषला यातले काही कळत नव्हते असे समजू नका. त्याची पदवी तिच्याहून मोठी आहे. त्याने हात वर झालेले पाहिले, घड्याळ पाहिले, आणि गोड हसून म्हणाला, “सायली, उद्या डॉक्टर नाहीत, गाडी नाही. एक घोट चहाने काय होतंय? घे रक्त. आणि रिपोर्टवर उपाशीपोटी असंच जाऊ दे.”

“सर, पण...”

“तू शिकायला आली आहेस ना? मग शीक.”

तिने रक्त घेतले. तिचा चेहरा मी पाहिला होता, म्हणून घरी आल्यावर काही विचारले नाही.

चार दिवसांनी रिपोर्ट आले. अर्ध्या गावाला मधुमेह! शिबिराच्या डॉक्टरांनी कागद पाहून गोळ्या लिहिल्या. पुढच्या तपासण्या त्याच प्रयोगशाळेत, त्याच्या सवलतीची रंगीत पत्रके सोबत. माझाही रिपोर्ट तसाच होता. मी गोळ्या घेतल्या नाहीत. सायलीने माझा कागद घडी करून फळीवर ठेवला आणि म्हणाली, “हा खरा धरू नकोस.” परंतु सगळ्या गावाच्या घरात सायली नव्हती. ती पुन्हा मनीषकडे गेली. त्याने तिला सांगितले की बाहेर एक शब्द बोललीस तर वर्षाच्या शेवटी कामाच्या नोंदीवर माझी सही विसर. ही गोष्ट तिने आम्हाला तेव्हा सांगितली नाही.

पंधरवड्यात तुळजाबाई आमच्या दारात आली. तिला मी ओळखले नाही, असे लिहिताना मला राग येतो. सरळ चालणारी बाई भिंतीला धरून आली. ओट्यावर टेकली तेव्हा कपाळावर थंडीतही घाम होता आणि हात थरथरत होते.

“भात सोडलाय थोरल्या,” ती म्हणाली. “गोळ्या घेती. सकाळच्याला डोळ्याम्होरं अंधारी येती. काल जाळ्यावर पडले. पोरगं हुतं म्हणून, न्हाईतर पान्यातच.”

मी कल्पनाला हाक मारून गूळपाणी आणवले. ते पोटात गेल्यावर तिचे हात जरा थांबले. मग ती माझ्याकडे नीट पाहू लागली. त्या नजरेने मी पन्नास वर्षे मागे गेले.

“मी म्हणले हुते, लागंल तवा मागंन.”

“म्हणाली होतीस.”

“आज मागती. तुझी नात त्या दवाखान्यात हाय. तिला म्हण, मला खरं काय त्ये सांग. मला ह्यो रोग हाय का न्हाई? आसंल तर गप गोळ्या खाईन आन मरंन. नसंल तर मला भात खाऊ दे.”

सुट्टी म्हणून सायली घरातच होती. ती दारात उभी राहून ऐकत होती. तेव्हा तिने सगळे सांगितले, सहीचेही. तिसरे वर्ष, राहिलेले काही महिने, आणि त्या माणसाच्या हातातले पेन.

शंभू ओरडला, “कागूद फाडून टाक आन म्हण म्हातारीला की गोळ्या बंद कर! कुणाला कळतंय? तुझं नाव कशापायी मधी आणतीस?”

“बाबा, असं घरी बसून सांगायचा मला अधिकार नाही. डॉक्टरांसमोर न्यायला हवं, आणि तिथं सांगायला हवं की शिबिरात काय झालं. तसं सांगितलं की सरांना कळणारच.”

सगळे माझ्याकडे पाहू लागले. या घरात अखेरचा शब्द माझा असतो. तो मी पुष्कळदा वापरला आहे आणि त्याबद्दल मला खंत नाही. त्या दिवशी मात्र तो तोंडातून निघेना, कारण देणे माझे होते आणि फेडायचे तिच्या पदवीने होते.

“सायली,” मी म्हणाले, “तुझे बाबा या बाईच्या दुधावर जगले आहेत. तू हे करावेस असे मला वाटते.”

“आजी, तू हुकूम करतेयस की मागतेयस?”

“मागते आहे. हुकूम असता तर आवाज चढवला असता.”

तिला हसू आले. ओढणी खांद्यावर नीट करून ती तुळजाबाईसमोर उकिडवी बसली. “तुळजाआजी, चला पौडला. आत्ताच.”

पौडच्या सरकारी रुग्णालयात डॉक्टर एक तरुण बाई होत्या. सायलीने त्यांना एकही शब्द न लपवता सांगितले: शिबिरात मी होते, रक्त मी घेतले, यांचा चहा झालेला होता, रिपोर्टवर उपाशीपोटी असे गेले. डॉक्टरांनी तिचे नाव विचारले. तिने पूर्ण नाव सांगितले, माझ्या घराण्याचे आडनाव लावून. डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या, भात सुरू करायला सांगितले आणि आठ दिवसांनी पुन्हा बोलावले. साधी साखर तपासायला, आणि सोबत एका अशा तपासणीला जी मागच्या तीन महिन्यांची सरासरी दाखवते. तिला एका सकाळचा चहा फसवू शकत नाही.

तपासणीच्या दिवशी तुळजाबाईला चहाविना ठेवणे हे काम मी स्वतःकडे घेतले. शंभूच्या पिकअपमध्ये ती माझ्या शेजारी बसून पौडपर्यंत मला शिव्या देत होती.

“येक घोट! साकर नगं, नुसता येक घोट!”

“एक थेंबही मिळणार नाही.”

“शंभ्या, तुझी आई लई द्वाड हाय रं. तुला पाजलं त्ये चुकलंच माझं.”

“मला काय बोलती मावशे, मलाबी दिला न्हाई तिनं,” शंभू म्हणाला. खरेच होते. तिच्यासमोर कोणी प्यायचा नाही असा माझा नियम होता.

तिला मधुमेह नव्हता. कधीच नव्हता.

ही बातमी संध्याकाळच्या आत वस्तीभर झाली आणि दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेपर्यंत पोहोचली. सोमवारी सायली कामावर गेली ती तासाभरात परत आली. गळ्यातले ओळखपत्र काढून घेतले होते. अंगणात स्कूटी लावून ती तिच्यावरून उतरेचना.

तिला रडताना पाहून मला जे वाटले त्याला मी राग म्हणते. दुसरा शब्द मला ठाऊक नाही. ज्याने चूक जाणूनबुजून केली तो खुर्चीत, आणि जिने पटांगणात सर्वांदेखत नको म्हटले ती रस्त्यावर. म्हातारी माणसे गोळ्या खाऊन भोवळ येऊन पडताहेत, आणि शिक्षा कोणाला? जिने त्यांना उठवले तिला! हे मी या वयात मुकाट्याने पाहणार असेन तर मी कोणाची सून आणि कोणाची आजी म्हणून सांगावे?

मी गावात निरोप धाडला. ज्यांना ज्यांना गोळ्या लिहून दिल्या आहेत त्यांनी उद्या सकाळी माझ्याबरोबर उरवड्याला यायचे. आणि कोणीही चहा घ्यायचा नाही.

शिबिराला आलेली जवळजवळ सगळी माणसे आली. पिकअप आणि दोन जीप भरल्या. चहाविना उठलेले आमचे गाव कसे असते हे मनीषने पूर्वी पाहिले नव्हते. कोणाचे डोके दुखत होते, कोणी दुसऱ्याच्या पायावर पाय पडला म्हणून भांडत होता. प्रयोगशाळेच्या गारगार दालनातील सगळ्या खुर्च्या आम्ही भरल्या. उरलेले जमिनीवर बसले. काउंटरवरची गौतमी नावाची मुलगी घाबरून आत गेली आणि मनीषला घेऊन आली.

“या ना मावशी, काय सेवा करू?”

“मी तुमची मावशी नाही. चंद्राबाई विठ्ठलराव ढमाले. या सगळ्यांचे रक्त पुन्हा तपासा, ती तीन महिन्यांची सरासरीही. आज कोणी चहा घेतलेला नाही.”

“हो, हो, करू की. फोन करून अपॉइंटमेंट...”

“आताच.”

मागून आवाज आला, “लवकर करा सायेब! हितं च्याबिगर जीव चाललाय!” दालन हसले, परंतु ते हसणे प्रेमाचे नव्हते.

मनीषने मला बाजूला येण्याची खूण केली. मी हलले नाही. मग तो सर्वांसमोरच बोलला, तोच गोड आवाज. “बघा, तुमची नात हुशार आहे. पण शिस्त नाही. कालची आलेली अप्रेंटिस, ती सिनियरच्या कामावर बाहेर जाऊन बोलते. ती इथं शिकायला आली होती.”

“शिकलीच ती,” मी म्हणाले. “तुम्ही तिला दोन वर्षे जे शिकवले तेच तिने पटांगणात तुम्हाला सांगितले. ऐकणारे मी आणि हे सगळे होतो. हात वर केले होते आम्ही. की तुम्हाला ते हात आठवत नाहीत? शंभू, हात वर कर.”

शंभूने केला. मग एकेक करून सगळ्यांनी केले. जमिनीवर बसलेल्यांनीही. गौतमी दाराआडून पाहत होती. थोड्या वेळाने, कोणी न सांगता, ती आत जाऊन सुया आणि नळ्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली.

दुपारपर्यंत सगळ्यांचे रक्त घेतले गेले, एक पैसा न घेता. त्यातल्या फारच थोड्यांना मधुमेह निघाला. त्या थोड्यांत मी एक. माझी साखर खरीच वाढलेली होती. मनीषने तो कागद माझ्या हाती देताना किंचित हसून पाहिले. मी म्हणाले, “बरोबर तपासले की बरोबर कळते. आभारी आहे.”

सायलीला मात्र त्याने परत घेतले नाही. तिच्या कॉलेजातून उत्कर्षा मॅडम आल्या. अशा मुलांच्या कामाकडे कॉलेजतर्फे लक्ष ठेवणे हे त्यांचे काम. त्यांनी दोन्हीकडचे ऐकले, गावातल्या लोकांशी ओट्यावर बसून बोलल्या. त्यांनी सायलीची सोय भूगावजवळच्या एका दुसऱ्या प्रयोगशाळेत केली आणि या प्रयोगशाळेकडे पुन्हा एकही विद्यार्थी पाठवायचा नाही असे कॉलेजकडून ठरवून घेतले. परंतु सहीवाचून या सहामाहीचे काम धरता येईना. पदवी सहा महिने लांबली. तिच्याबरोबरची मुले उन्हाळ्यात पदवीधर होतील. ती पुढच्या दिवाळीच्या सुमारास.

या सहा महिन्यांचा मला आजही संताप आहे. ते कोणी भरून देणार नाही. मॅडम म्हणाल्या, नियमच तसा. मी त्यांना विचारले की खरे बोलणाऱ्याचा वेळ कापायचा आणि खोटे लिहिणाऱ्याची खुर्ची राखायची हा कोणाचा नियम. सायलीनेच मला हाताला धरून गप्प केले. “आजी, पुरे. सहा महिन्यांनी काय मी म्हातारी होत नाही.”

भूगावला रुजू होण्याच्या आदल्या दिवशी तुळजाबाई आली. भिंतीला न धरता आली. कडेवर सुकटीची टोपली नव्हती. हात रिकामे होते. तो आजारातला दिवस सोडला तर इतक्या वर्षांत ती रिकाम्या हाताने आमच्या दारात आल्याचे मला आठवत नाही, आणि त्याचा अर्थ मी तिला विचारला नाही.

ती ओट्यावर न बसता माजघरात आली आणि त्याच जागी बसली, जिथे दोन पोरे घेऊन ती बसायची. सायली पुढे होऊन तिच्या पाया पडली. तुळजाबाईने तिच्या डोक्यावर ठेवलेला हात बराच वेळ काढलाच नाही.

“किती शिकायचं ऱ्हायलंय गं अजून?”

“सहा महिने जास्त लागतील, तुळजाआजी.”

“माझ्यापायी.”

“मनीषसरांपायी,” सायली म्हणाली.

“त्याच्या नावानं बोटं मोडीन मी रोज,” तुळजाबाई म्हणाली आणि माझ्याकडे वळली. “थोरल्या, मी मागितलं आन तू दिलंस. माझं आता तुझ्याकडं काय न्हाई. फिटलं समदं.”

“बघ, नीट विचार करून सांग. पुन्हा मागायला येशील.”

“न्हाई येनार. आता नुसती च्याला येनार. टाक.”

कल्पनाने दोन कप आणले. माझ्या कपात साखर नव्हती. तुळजाबाईच्या कपात मी स्वतःच्या हाताने साखर घातली. तिने पुरे म्हणेपर्यंत घातली, आणि ती लवकर पुरे म्हणाली नाही. बशीत ओतून, फुंकर न घालता, ती चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली आणि बशी माझ्यापुढे पालथी ठेवली.